हळदीकुंकवाच्या फलकावर ‘सर्व महिला’ लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना निरोपच गेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मी विचारले, तर उत्तर आले, ‘‘काकू, आपल्या संस्कृतीत ते बसत नाही ना.’’ सांगणारी मुलगी शिकलेली, नोकरी करणारी आणि मनाने खरोखर चांगली आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवत असे. मूल्य म्हणजे समाजाला जे मोलाचे वाटते ते, आणि नियम म्हणजे त्यापायी ठरलेली वागण्याची रीत. हा फरक मुले पेपरात बरोबर लिहायची, घरी मात्र दोन्हींना मिळून ‘संस्कृती’ म्हणायची. एकमेकींकडे जावे, मनातली अढी तिळगुळाने काढावी, आलेलीला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे हळदीकुंकवातले मूल्य. ‘फक्त सवाष्णी’ हा नियम. कोणी म्हणेल, सौभाग्य हेच त्यातले मूल्य. पूर्वी तसे होतेही. पण नवरा असण्या-नसण्यावर बाईचा मान ठरतो, असे आज आपण आपल्या लेकीला शिकवू का?

विल्यम ग्रॅहम सम्नर या अमेरिकी अभ्यासकाने १९०६ मध्ये लोकरीती आणि रूढी वेगळ्या करून दाखवल्या. चपला दाराबाहेर काढणे ही लोकरीत, विसरलात तर फार तर कोणी हसेल. रूढीत समाजाचे भले आहे असे लोक मानतात, म्हणून ती मोडली की चिडतात. तिथे पोलीस लागत नाही, कपाळावरच्या आठ्या पुरतात.

नाशिककरांना हे नवे नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. दार बंद ठेवणारेही परंपरेचेच नाव घेत होते. त्याच रामाच्या दर्शनाला आज कोणीही जाते, आणि त्यामुळे रामाची भक्ती तसूभर कमी झालेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनेही इतर गावांना तसेच करायला सांगितले. एक गाव करू शकते, तर आमची सोसायटी का नाही?

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे वाण घेऊन गेले. त्यांनी वाण घेतले आणि मला कुंकू लावायला करंडा आणला. उघडला, आणि हात तसाच थांबला. घरात आम्ही दोघीच होतो, अडवणारे कोणी नव्हते. मी कपाळ पुढे केले.

रथसप्तमी अजून व्हायची आहे. शहरात महिला मंडळांचे आणि नगरसेवकांचे हळदीकुंकवाचे फलक लागतील. त्यावर ‘सुवासिनींना’ऐवजी ‘सर्व महिलांना आग्रहाचे निमंत्रण’ असे छापावे, आणि आपल्या दैनिकाने या विनंतीला जागा द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक