वडगावच्या रंगारी अण्णांचे आभार

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

राखाडी, अबोली आणि अंजिरी अशा तीन रंगांतलं लग्न आम्ही बेळगावच्या शहापुरात उभं केलं आणि पंगतीत कुणाच्या तोंडून ‘दुखवट्याचे रंग’ हा शब्द आला नाही. याचं निम्म्याहून जास्त श्रेय तुमच्या डाईंगच्या शेडला आहे. तोंडी आभार मानले असते तर तुम्ही ‘असू दे की’ म्हणून उठून गेला असता. म्हणून लिहून मानतो, आणि तेही उघड पत्रात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं मंडप घालणाऱ्यांना आणि पेहराव बघणाऱ्यांना तुमचं शिकवणं कामाला येईल.

दोन्हीकडच्या मंडळींना रंगाची पट्टी दाखवायच्या आधी तुम्ही विचारलंत: मुहूर्त दुपारचा की गोरज, कार्यालयातल्या खुर्च्यांची कव्हरं कसली, आणि नवरीची अष्टपुत्री साडी पिवळीच ना? हा शेवटचा प्रश्न बहुतेक सजावटवाले विचारतच नाहीत. पिवळी अष्टपुत्री, हिरवा चुडा, अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, हळदीच्या अक्षता हे रंग कुणी बदलत नाही, आणि बदलू म्हटलं तर घरातली आजी बदलू देत नाही. म्हणजे पिवळा, हिरवा, लाल मंडपात येणारच. बाकीचे रंग ते धरूनच निवडायचे. पिस्ता रंगाच्या पडद्यापुढं हिरवा चुडा मरतो, राखाडीपुढं तोच उठून दिसतो. पिवळ्या साडीमागं बदामी ठेवला तर नवरी पडद्यात विरघळते. अंजिरी ठेवला तर साडी आणखी पिवळी वाटते. अबोली दोघांच्या मधली, तिचं कुणाशी भांडण नाही.

आणि पाहुण्यांना कोण रंगवणार? पाचशे माणूस आपापल्या लाल-हिरव्या-जरीच्या साड्यांत येतं. त्यात कार्यालयाचा लाल गालिचा. मुख्य रंग साठ टक्के, जोडीचा तीस आणि उठावाचा दहा, हे जे गणित सगळीकडं सांगतात ते रिकाम्या हॉलचं आहे. भरल्या हॉलमध्ये मंडपाचे तीन रंगसुद्धा जास्त होतात, म्हणून मोठा भाग राखाडीलाच द्यायचा आणि अंजिरी फक्त नवरा-नवरीच्या पाठीमागं ठेवायचा, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं.

उजेडाचं शिकवलंत त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. वेगळ्या रंगांचं लग्न फसतं ते रंग वेगळे म्हणून नव्हे. दुकानात ट्यूबलाइटखाली निवडलेलं कापड कार्यालयात पिवळ्या एलईडीखाली लागतं, तिथं फसतं. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात लव्हेंडरमधला निळा मरतो आणि मळका तपकिरी उरतो. शाईसारखा निळा सरळ काळा होतो, आणि लग्नात काळं दिसलं की पुढचं सांगायला नको. निळा हवाच असेल तर मनात असेल त्यापेक्षा एक पायरी फिकट घ्यायचा. राखाडीची गंमत आणखी निराळी. ती लाल, पिवळा, निळा मिसळून होते आणि अशा मिश्रणाचा तोल दिवा बदलला की ढळतो. पडदा पॉलिएस्टर साटिनचा आणि फेटा सुती, दोन्हींचा रंग मुळातच वेगळ्या जातीचा. उन्हात जुळलेले दोघे रात्री जुळत नाहीत. यावर तुमचा उपाय असा की जुळवायला जाऊच नये. दोघांत उघड दोन पायऱ्यांचं अंतर ठेवावं. जवळपास जुळलेलं डोळ्याला चुकल्यासारखं दिसतं, लांब ठेवलेलं ठरवून केल्यासारखं. हे एक वाक्य आमच्या धंद्याला पुरून उरलं.

दुपारच्या मुहूर्ताला लाल-पिवळ्या शामियान्याच्या छतातून उतरणारा उजेड सगळ्यांच्या अंगावर लालच पडतो. त्याजागी पांढरं छत घातल्याशिवाय फिकट रंगाचा विषयच काढू नये. जांभळे-निळे फिरते दिवे लावणाऱ्याला अक्षता पडेपर्यंत हात बांधून बसवावं, कारण त्या दिव्यात हिरवा चुडाही काळपट दिसतो.

कापडाचा हिशेब थोडक्यात. सोळा फुटी पाठीचा पडदा, उंची दहा फूट. चुण्या भरीव दिसायला रुंदी दुप्पट, म्हणजे ३२ फूट. ५८ इंची पन्ह्याच्या सात पट्ट्या, प्रत्येक दुमडीसकट ११ फूट: ७७ फूट, म्हणजे २४ मीटर. फिकट रंगाला चुण्या कमी केल्या तर मागचे बांबू दिसतात, म्हणून इथं हात आखडायचा नाही. गडद कापड दीडपटीतही निभतं.

आता फेटे. फिकट रंग गडदापेक्षा अवघड असतो हे गिऱ्हाइकाला पटत नाही. गडदात रंग भरपूर असतो, धागा पोटभर पितो, चट्टे झाकले जातात. फिकटात रंग इतका थोडा की जिथं आधी लागला तिथंच बसतो. एका फेट्याला साधारण आठ मीटर मलमल, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. फिकट अबोलीला कापडाच्या वजनाच्या ०.३ टक्के रंग, म्हणजे एका फेट्याला अवघा दीड ग्रॅम. चमच्यानं मोजणाऱ्याचं इथंच बिनसतं. तुम्ही एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम रंग विरघळवून त्यातलं १५० मिली मोजून घ्यायला शिकवलंत. पुढचं प्रमाणही लिहूनच ठेवतो: आधी कापडाची खळ पूर्ण काढायची, मग दहा लिटर पाणी, ३०० ग्रॅम मीठ तीन हप्त्यांत, अर्ध्या तासानं १०० ग्रॅम सोडा ॲश वेगळ्या पाण्यात विरघळवून, त्यानंतर तासभर हलवत राहायचं. मीठ एकदम ओतलं की रंग धावत जाऊन धाग्यावर बसतो आणि चट्टे पडतात. बोअरचं पाणी जड असेल तर अबोली मळकी येते. त्या दिवशी नळाचं साठवलेलं पाणी. आणि राखाडीसाठी काळा रंग पातळ करायचा नाही. नेहमीचा रिॲक्टिव्ह काळा (सुतावर मीठ-सोड्यानं बसवतात त्या जातीचा) पातळ केला की निळा निघतो.

साठ फेटे, टाकीत एकावेळी वीस. तीन घाण्यांत रंग केसभर इकडं-तिकडं होणारच. प्रत्येक घाण्याच्या फेट्यांच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून तुम्ही दिलात. एक घाणा वरपक्षाला, एक वधूपक्षाला, तिसरा मागं उभ्या राहणाऱ्या मित्रमंडळींना. फोटोत एका ओळीत एकच घाणा उभा राहिला.

पण सगळ्यांत मोठा उपकार हळदीचा. हळदीला चुना-सोड्यासारखा क्षार लागला की ती लाल होते; चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. रंगवलेल्या कापडात सोडा उरला असेल तर हळदीचा शिंतोडा पडल्या पडल्या तिथं तांबडा डाग उमटतो, रक्तासारखा. राखाडी उपरण्यावर, ऐन विधीत असं झालं तर अपशकुनाच्या गोष्टी सुरू व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही कापड गार पाण्यात, मग गरम साबणाच्या पाण्यात, मग पुन्हा गार पाण्यात काढलंत, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलंत आणि ओल्या हळदीचं बोट कोपऱ्याला लावून बघितलंत. पिवळं राहिलं तर सोडा गेला. तांबडं झालं तर परत धुवा. इतकी स्वस्त परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होत नसेल! समारंभानंतर डाग काढतानाही हेच ध्यानात ठेवायचं: हळदीवर आधी साबण लावायचा नाही, साध्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकायचं. हळद उन्हात उडते. राखाडी थोडं ऊन सोसते, अबोलीला उलटं करून वाळवायचं.

इरकलचंही तुम्ही वेळेवर सांगितलंत. करवल्यांना राखाडी अंगाची इरकल घ्यायची तर पदर लाल रेशमाचाच येणार. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे घेऊन जोडलेले असतात, टोप-तेणी म्हणतात ती हीच. मग तो लाल लपवण्यापेक्षा मंडपाच्या खांबांना गुळेदगुड्डच्या डाळिंबी खणाची एकेक पट्टी बांधून त्याला सोबत दिली. खणाचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळं बघायची दिशा बदलली की त्याचा रंगही बदललेला दिसतो. खणाचं तोरण टांगण्याआधी पाहुणे कुठून येणार ते बघायचं.

फुलांत आम्ही फार डोकं लावत नाही. निशिगंध, जांभळा ॲस्टर, पिवळसर पांढरी शेवंती. रंगात बुडवलेली निळी शेवंती मात्र नको. वळवाचा शिंतोडा आला की तिचा रंग खालच्या कापडावर उतरतो. खानापूरच्या बाजूला लग्न असेल तर पडद्याची खालची वीतभर पट्टी विटकरी घ्यावी, तिथली तांबडी माती त्यात खपून जाते. बैलहोंगलकडं काळी माती, तिथं अंजिरी.

एक विनंती. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथीला चिंतामणी आणि गेरू अशी जोडी मागितली आहे, मुहूर्त गोरज. दोन्ही रंगांची वीत-वीत सुती पट्टी काढून ठेवा. फोनवरचा फोटो कुणाला पाठवणार नाही, पट्टीच दोन्ही घरी फिरवू आणि कार्यालयातल्या दिव्याखाली धरून बघू. फेट्यांचं कापड दसऱ्यानंतर आणून देतो. पावसात ते वाळायला दोन-दोन दिवस घेतं आणि घडीच्या रेघेवर रंग सरकतो. खळ आम्हीच काढून आणू. मजुरी या वेळी ठरल्याप्रमाणं घ्यायची, ‘राहू दे की’ चालणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शहापूरची मंडप-सजावट आणि पेहरावाची मंडळी