बाबांच्या इंजेक्शनबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही आवाज खाली आणून विचारलेत, "या इंजेक्शनाने माझ्यातला पुरुषच काढून घेतात ना गं?" आणि आई खोलीत येताच विषय बदललात. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. विहिरीतून पोहरा ओढणारे तुमचे दंड उतरले आहेत, रात्री अंगातून वाफा निघतात, तुम्ही पंखा पाचवर ठेवता आणि आई पहाटे शाल पांघरून बसते, हे सारे मला दिसते.

प्रोस्टेटच्या कर्करोगाला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे खाद्य मिळते, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच दाखवले आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या काळी त्यासाठी अंडकोष काढत. तुमचे तीन महिन्यांचे इंजेक्शन मेंदूकडून अंडकोषाला जाणारा आदेश थांबवून तेच साधते.

या संप्रेरकाची दुसरी बाजू मात्र तुम्हाला कोणी सांगितली नसावी. ते प्रतिकारशक्तीलाही लगाम घालते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, जिथे रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होतात. वयानुसार ती आक्रसत जाते, पण नर उंदरांचे अंडकोष काढले की ती पुन्हा वाढते. 2022 मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या संशोधकांना आढळले, की टी-पेशींच्या आतला अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे हे संप्रेरक जिथे जाऊन बसते ती जागा, त्यांना इंटरफेरॉन गॅमा हे लढण्याचे रसायन पुरेसे बनवू देत नाही, आणि तो रिसेप्टर अडवला की उंदरांमध्ये इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, परिणाम वाढतो. म्हणजे जे संप्रेरक गाठीला पोसते, तेच गाठीवर चालून जाणाऱ्या पेशींचे हातही धरून ठेवते. हे वाचले तेव्हा मला तुमचीच आठवण झाली.

तरीही आई, काकांनी पाठवलेल्या जाहिरातीवरून इम्युनोथेरपीसाठी ठेव मोडण्याचा विचार कृपा करून करू नकोस. पसरलेल्या आणि आधीच्या औषधांना न जुमानणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगाच्या 759 रुग्णांवर एन्झाल्युटामाइड या संप्रेरक अडवणाऱ्या औषधाच्या जोडीला अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देऊन पाहिले, पण त्याने आयुष्य वाढले नाही. प्रोस्टेटच्या गाठीत टी-पेशी मुळातच कमी शिरतात. लगाम सैल करून काय होणार, घोडेच मैदानात नसतील तर? बाबांना आज त्याची गरज नाही, हे डॉक्टरांचे मत मला पूर्ण पटते.

हाडांचे मात्र मनावर घ्यायला हवे, कारण या उपचाराने ती ठिसूळ होतात. हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची आणि कॅल्शियम किती घ्यायचे, हे या खेपेस डॉक्टरांना विचारूया. रोजचे चालणे सोडू नका, आणि झेपेल तेवढे वजन उचलण्याचा व्यायामही त्यांच्या सल्ल्याने सुरू करूया.

पुढच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली आहेच. मी आदल्या रात्रीच्या गाडीने निघते. फाईल मी येईपर्यंत कपाटातच असू द्या.

तुमची,
मनू