एकाच गावी मुक्कामाची सहलही असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेश सहलींविषयी जो मजकूर आणि ज्या जाहिराती प्रसिद्ध होत असतात, त्या वाचून हे पत्र लिहीत आहे. तुर्कस्तानची सहल म्हणजे इस्तंबूल, कप्पाडोकियातील गरम हवेचे फुगे, पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्या आणि एफेससचे अवशेष हे सारे आठवडाभरात उरकणे, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असल्याने प्रवाशाचा निम्मा दिवस बसमध्ये, उरलेला रांगेत आणि रात्र दुसऱ्या दिवशीच्या बॅगा भरण्यात जाते. वर्षभर राबलेल्या माणसाला विसावा मिळावा, हा सुट्टीचा मूळ हेतू या धावपळीत कुठल्या कुठे राहून जातो. त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील काश नावाच्या लहान गावात आम्ही सहकुटुंब मुक्काम ठोकला आणि अख्खी सुट्टी तेथेच घालवली. अशी निवांत सुट्टी सोलापूरकरांना ठाऊक व्हावी, या एकाच हेतूने त्या गावाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. तुर्कस्तान सरकारने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे मे २०२५ मध्ये आपल्याकडे त्या देशाविरुद्ध रोष उसळला आणि अनेकांनी तिकडच्या सहली रद्द केल्या. आमचे जाणे त्याआधीचे आहे. तेथे जावे की न जावे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. मी सांगणार आहे ते सुट्टी घालवण्याच्या रीतीविषयी आहे आणि ती रीत कोणत्याही किनाऱ्यावर उपयोगी पडणारी आहे.

काश हे अंताल्या प्रांतातील भूमध्य समुद्राकाठचे गाव. प्राचीन काळी त्याला अँटिफेलोस म्हणत आणि लिसिया नावाच्या प्रदेशातील ते एक बंदर होते. मागे डोंगराची उभी भिंत, पुढे खोल निळे पाणी आणि मधल्या अरुंद उतारावर पांढरी घरे, अशी त्याची ठेवण आहे. दालामान आणि अंताल्या हे दोन्ही विमानतळ तेथून दीडशे किलोमीटर किंवा त्याहून दूर आहेत आणि किनाऱ्याचा रस्ता वळणावळणांचा आहे. गावाजवळ वाळूचा लांबलचक किनाराही नाही. माझ्या मते या गैरसोयींनीच त्या गावाला वाचवले आहे, कारण हजार खोल्यांची हॉटेले उभी राहतात ती विमानतळाजवळ आणि वाळूच्या किनाऱ्यावर. येथे मात्र घरगुती वळणाची छोटी निवासस्थाने आहेत, मालकीणबाई स्वतः न्याहारी मांडतात आणि दोन-तीन दिवसांत गल्लीतला दुकानदारही ओळख दाखवू लागतो.

सकाळच्या न्याहारीत ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, पांढरे चीज, मध, अंडी आणि ताजा पाव असे अनेक लहान बशांतून येते आणि ती संपवायला कुणी घाई करत नाही. शाकाहारी मंडळींची तेथे उपासमार होईल, ही भीती अगदीच अनाठायी आहे. मसुराचे सार, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, दही आणि आयरान नावाचे खारट ताक सर्वत्र मिळते. आठवडी बाजारात बायका बुटक्या गोल पाटासमोर बसून काठीसारख्या बारीक लाटण्याने कणकेची कागदासारखी पातळ पोळी लाटतात, तीत पालक आणि चीज भरून ती घडी करतात आणि उपड्या लोखंडी तव्यावर भाजून देतात. तिला ग्योझलेमे म्हणतात. आमच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी दुपारचे जेवण म्हणून बहुतेक वेळा तेच पसंत केले.

न्याहारीनंतर समुद्र. गावाच्या दोन्ही बाजूंना खडकांवर लाकडी आणि सिमेंटचे ओटे बांधलेले आहेत आणि त्यांना पाण्यात उतरणाऱ्या लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. ज्याला पोहता येते त्याने थेट खोल पाण्यात उतरावे आणि ज्याला येत नाही त्याने सावलीत बसून वाचावे, झोपावे किंवा नुसते पाहत राहावे. बुयुक चाकल या गोट्यांच्या किनाऱ्यावर जमिनीखालचे गोड्या पाण्याचे झरे समुद्रात येऊन मिळतात, त्यामुळे तेथे पाण्यात पाय घातला की एक पाऊल कोमट आणि पुढचे बर्फासारखे गार लागते. भरती-ओहोटीचा फरक फार थोडा आणि उन्हाळ्यात लाटाही बेताच्या, म्हणून लहान मुले शिडीला धरून तासन्‌तास पाण्यात राहतात. मे महिन्यात मात्र पाणी अजून थंडच असते. आपल्या शाळांच्या सुट्ट्या पाहता दिवाळी ऑक्टोबरात आली तर तो काळ अधिक सोयीचा, कारण उन्हाळाभर तापलेल्या समुद्राची ऊब तेव्हाही टिकून असते.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात आयुष्य काढल्यामुळे माझी नजर माणसांपेक्षा आधी त्यांच्या खांद्यावरच्या कापडाकडे गेली. तेथील स्थानिक लोक समुद्रावर आपल्यासारखा जाड टॉवेल फारसा नेत नाहीत. ते पेश्तेमाल नेतात. हे सपाट विणीचे सुती कापड आपल्या पंच्यासारखे हलके असते, मात्र लांबी-रुंदीने मोठे. त्यावर जाड टॉवेलासारखे सुताचे उभे फासे (लूप) नसतात आणि दोन्ही टोकांच्या दशा हाताने पिळून गाठी मारलेल्या असतात. ते पाणी टिपते, खडकावर टाकले की थोड्या वेळात वाळते, दुपारी अंगावर पांघरता येते आणि घडी केल्यावर पिशवीच्या कोपऱ्यात मावते. देनिझली हे तिकडचे टॉवेलांचे मोठे केंद्र आहे आणि तेथील माल परदेशच्या बाजारात आपल्या मालाशी स्पर्धा करतो, हे आमच्या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. समुद्रावर नेण्याजोगे असे हलके कापड आपल्या मागांवर मोठ्या प्रमाणात निघावे, असे मला मनापासून वाटते. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

संध्याकाळी सारे गाव रस्त्यावर येते. उझुन चार्शी नावाची चढाची गल्ली बोगनवेलीने झाकलेली आहे आणि तिच्या वरच्या टोकाला इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील दगडी शवपेटी उभी आहे. तिच्या कमानदार झाकणातून सिंहांची मुंडकी बाहेर आलेली आहेत. भोवती ना कुंपण, ना तिकीटघर. शेजारच्या दुकानांतली मुले तिच्या आसपास खेळत असतात. तेथून थोडे चालले की समुद्राकडे तोंड केलेले ग्रीक वळणाचे प्राचीन नाट्यगृह लागते. त्याच्या दगडी पायऱ्यांवर सूर्यास्ताच्या वेळी गावकरी आणि पाहुणे शेजारी शेजारी बसतात. समोर मेइस हे ग्रीसचे बेट दिसते आणि अंधार पडल्यावर त्यावरचे दिवेही मोजता येतात. बोटीने ते अर्ध्या तासाच्या आत येते, पण आपल्याला त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. नंतर चहा. तो बिनदुधाचा, कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या ग्लासात येतो आणि एका ग्लासावर तासभर बसले तरी उठा असे कुणी म्हणत नाही.

पाहण्यासारखे काहीच नाही, म्हणून हे लोक बसून राहिले, असा कुणाचा समज होऊ नये. जवळच उलुबुरुन नावाच्या भूशिरापाशी १९८२ मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला समुद्रतळाशी कान असलेल्या बिस्किटांसारखे धातूचे तुकडे दिसले. ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील बुडालेल्या जहाजावरचे तांबे निघाले आणि १९८४ ते १९९४ या काळात त्या जहाजाचे उत्खनन झाले. केकोवा बेटाच्या काठाने पाण्यात गेलेल्या प्राचीन वस्तीच्या भिंती होडीतून दिसतात. पातारा येथे सुमारे अठरा किलोमीटरचा वाळूचा किनारा आहे आणि तेथे समुद्री कासवे अंडी घालतात. यातले जे जमले ते आम्ही दोल्मुश नावाच्या सामायिक छोट्या बसने किंवा होडीने जाऊन पाहिले आणि संध्याकाळी पुन्हा आपल्याच गावी, आपल्याच खोलीवर आलो. जे राहिले त्याची रुखरुख नाही.

आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. तुर्कस्तानच्या राज्यघटनेनुसार किनारा ही सरकारच्या ताब्यातील जागा आहे आणि तिच्या वापरात जनहिताला प्राधान्य आहे; १९९० च्या किनारा कायद्याने तो सर्वांना समानतेने आणि मोफत खुला ठेवला आहे. प्रत्यक्षात खुर्च्या-छत्र्यांचे भाडे घेणारे तेथेही आहेत आणि त्यावरून तक्रारीही होतात. तरी पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क गावकऱ्यालाही आहे ही जाणीव तेथे पक्की आहे, आणि गावकरी स्वतः समुद्रावर येतात म्हणूनच तेथली बाके, सावल्या आणि शिड्या नीट राहतात, असे माझे निरीक्षण आहे.

एवढा खर्च करून एकाच गावी बसायचे का, हा प्रश्न आम्हाला परत आल्यावर अनेकांनी विचारला. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांवरच्या उन्हात आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याच्या वेळा सांभाळत राहणाऱ्या सोलापूरच्या माणसाला, सकाळी उठून कुठेही जायचे नाही आणि समोर पाणीच पाणी आहे, हे सुख किती मोठे आहे ते मी वेगळे सांगायला नको. घरातील वृद्धांना बसमधून उतर-चढ करावी लागली नाही, नातवंडे मोबाइल विसरली आणि नवरा-बायकोंना एकमेकांशी सलग बोलायला वेळ मिळाला.

आता होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ पासून गोव्याला विमान जाऊ लागले आहे. गोव्याच्या मोपा विमानतळापासून वेंगुर्ले फार लांब नाही आणि मालवणही एका दुपारच्या आत गाठता येते. हे समुद्र आपले आहेत, व्हिसा लागत नाही, भाषा आपली आहे आणि जेवणाची चिंता नाही. तेथील स्थानिक प्रशासनाने किनाऱ्यावर सावलीची बाके, स्वच्छ स्वच्छतागृहे, जीवरक्षक आणि पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणारी निशाणे एवढी सोय नेटाने ठेवली, तर सोलापूरची कुटुंबे आठवडा आठवडा एका जागी राहतील. सोलापुरातील सहल आयोजकांनाही माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या पत्रकात एका गावच्या मुक्कामाची निदान एक तरी सहल ठेवावी आणि तीत रोजचा कार्यक्रम लिहू नये.

आपल्याकडे मागणे एवढेच की, पुरवणीत दर महिन्याला अशा एका किनाऱ्यावरील गावाची नीट माहिती द्यावी. घरगुती राहण्याची सोय कोठे आहे, पाण्यात कोठे आणि कोणत्या महिन्यांत उतरता येते, वयस्कर माणसांना चालता येईल असा रस्ता आहे का, स्थानकापासून वाहन काय मिळते आणि शाकाहारी जेवण कोठे होते, हे तीत असावे. वेंगुर्ल्यापासून सुरुवात केलीत, तर दिवाळीची आरक्षणे सुरू होण्याआधी ती माहिती वाचकांच्या हाती पडेल.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, सोलापूर