मनाची प्रॅक्टिस कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठलीही मोठी स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक हेडिंग ठरलेलं असतं. अमुक खेळाडू मोक्याच्या क्षणी ढेपाळला, दडपणाखाली कच खाल्ली वगैरे. मी ज्युनियर मुलांना बॅडमिंटन शिकवतो त्यामुळे हे वाचलं की चिडचिड होते, म्हणून हे पत्र. ढेपाळला हे खरंच असतं, त्याबद्दल तक्रार नाहीये, पण का ढेपाळला आणि त्यावर काही करता येतं का हे कोणी लिहीतच नाही, जणू काही देवाने एकाला खंबीर मन दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं, झालं, विषय संपला.

याना नोवोत्ना आठवतेय का? 1993 ची विम्बल्डन फायनल, समोर स्टेफी ग्राफ, तिसऱ्या सेटमध्ये 4-1 ने पुढे आणि 5-1 करायला एकच पॉइंट हवा. तिथे डबल फॉल्ट केला आणि बघता बघता सेट 6-4 ने ग्राफने नेला. आता जी बाई लहानपणापासून रोज सर्व्हिस करतेय ती एका मिनिटात सर्व्हिस विसरली का? मानसशास्त्रवाले सांगतात की टेन्शन आलं की, जे काम हात आपोआप करत असतात त्यात डोकं लुडबुड करायला लागतं, मनगट बरोबर आहे ना, टॉस नीट झाला ना, असं. जिना उतरताना प्रत्येक पायरीला आता कुठला पाय टाकू हे बघायला लागलात तर अडखळणारच ना. म्हणजे कमी प्रयत्न केल्याने नाही तर नको तिथे जास्त लक्ष दिल्याने घोळ होतो, आणि आपण बाहेरून काय ओरडतो, तर ‘लक्ष दे, लक्ष दे!’ नोवोत्नाने पुढे 1998 मध्ये तीच स्पर्धा जिंकली, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात असतं.

माझ्याकडे एक मुलगी आहे, प्रॅक्टिसमध्ये तिची शॉर्ट सर्व्ह नेटला चाटून जाते इतकी छान, पण मॅचमध्ये 19-19 झालं की आधी ती गॅलरीत बघणार, बाबांचा चेहरा कसा आहे ते. खांदे कानापर्यंत चढलेले, रॅकेट इतकी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी, आणि सर्व्ह नेटमध्ये. मी काय सांगायचो, तर रिलॅक्स हो. आता रिलॅक्स हो म्हणून कोणी रिलॅक्स झालंय का आजपर्यंत! स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टने तिला वेगळं काही दिलं नाही, एक रुटीन दिलं. पॉइंट संपला की रॅकेटच्या जाळीकडे बघायचं, एक लांब श्वास सोडायचा (घ्यायचा नाही, सोडायचा, त्याने खांदे खाली येतात), सर्व्ह कुठे टाकायची ती जागा ठरवायची आणि टाकायची. बॅडमिंटनमध्ये वेळ काढला की अंपायर टोकतो म्हणून हे सगळं चार-पाच सेकंदात बसवलेलं. आणि हे रोजच्या प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक सर्व्हला, फक्त मॅचमध्ये नाही, कारण मॅचमध्ये पहिल्यांदा करायला गेलात तर तेच एक नवीन टेन्शन. ती आता सगळं जिंकते असं अजिबात नाही, पण समोरची चांगली खेळली म्हणून हरते, सर्व्ह नेटमध्ये घालून नाही.

रुटीनमधली एक छोटी पायरी राहिली तर काय होतं हे बघायचं असेल तर 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधला अमेरिकन नेमबाज मॅथ्यू एमन्स बघा. रायफल थ्री पोझिशनची फायनल, भरपूर आघाडी, शेवटचा एक शॉट, आणि तो त्याने शेजारच्याच्या टार्गेटवर मारला. शून्य मार्क, थेट आठवा नंबर. 2008 ला पुन्हा शेवटच्या शॉटला 4.4 आणि चौथा. त्याच माणसाने 2012 ला लंडनमध्ये ब्राँझ घेतलं. आता याला कमकुवत मनाचा म्हणायचं की खंबीर, तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळे मिटून आधीच मॅच खेळणं, ज्याला व्हिज्युअलायझेशन म्हणतात. लोकांना वाटतं यात गळ्यात मेडल पडतंय वगैरे बघायचं. जलतरणपटू मायकेल फेल्प्स त्यात गडबड पण बघायचा, म्हणजे सूट फाटला, गॉगल तुटला, मग काय करायचं. 2008 मध्ये बीजिंगला 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलमध्ये त्याच्या गॉगलमध्ये खरंच पाणी भरलं, भिंत दिसेना, तर गडी स्ट्रोक मोजत पोहला आणि 1:52.03 चा वर्ल्ड रेकॉर्ड करून बाहेर आला. त्याच बीजिंगमध्ये आपला अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन शेवटच्या शॉटआधी अगदी बरोबरीत होते, बिंद्राने 10.8 मारला आणि समोरच्याचा 9.7 गेला. त्याच्या आधी बिंद्रा भीतीची सवय व्हावी म्हणून जर्मनीत एका उंच खांबावर चढला होता, हे लोकांना गंमत म्हणून माहीत असतं, तयारी म्हणून नाही.

आता तक्रार. आपल्याकडे मानसिक तयारी म्हणजे मॅचच्या आदल्या रात्री एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलवायचा, टाळ्या, घोषणा, ‘तू करू शकतोस’. वेटलिफ्टरला त्याचा फायदा होईलही, पण नेमबाजाचं हृदय आधीच धडधडत असतं, त्याला अजून पेटवून काय मिळणार? आणि सायकॉलॉजिस्ट बोलवलाच तर मुलगा चार स्पर्धा हरल्यावर, म्हणजे शिक्षा म्हणून. त्यातून काही पालक आणि कोच नंतर विचारतात, काय म्हणाला तो आत? अहो, आत बोललेलं सिलेक्टरपर्यंत जातंय अशी शंका जरी आली ना, तरी पोरगं ‘सगळं ठीक आहे’ यापलीकडे बोलणार नाही.

सायकॉलॉजिस्ट म्हणजे जादूगार नाही हेही लिहिलं पाहिजे. फूटवर्क कच्चं असेल तर श्वास सोडून बॅकहँड सुधारत नाही. आणि कधी कधी थांबणं हेच बरोबर असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत असताना शरीर कुठे आहे हेच कळेना, तिने टीम फायनलमधून माघार घेतली तेव्हा किती जण तिच्यावर तुटून पडले. मानेवर पडली असती तर? पॅरिसमध्ये 2024 ला आली आणि तीन गोल्ड घेऊन गेली.

तर संपादकसाहेब, एक विनंती आहे. तुमच्या वार्ताहरांना सांगा, मॅचनंतर ‘दडपण आलं होतं का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च असतं. त्याऐवजी शेवटच्या पॉइंटच्या आधीच्या त्या दहा सेकंदांत नक्की काय करत होतास ते विचारा, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही, आणि ते जसंच्या तसं छापा. माझ्याकडची पोरं ते कापून ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक (आणि बॅडमिंटन कोच)