अण्णा, शेवटी डिझेलच घेतली

ती. अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की अण्णा तुम्ही "किती घातलेस" इथेच अडकता आणि आई मधेच "जेवलास का" विचारते, मग रेंज जाते आणि विषय राहतो तो राहतोच. म्हणून या वेळी सगळं एकदाचं टाइप करून पाठवतोय. चिनू, मोठ्याने वाच आणि आकडे गाळू नकोस, अण्णांना आकडेच पाहिजे असतात.

तर बातमी अशी की काळी बीएमडब्ल्यू विकली आणि डिझेल घेतली. हो, डिझेल. आधी हसून घ्या.

कारण काही फार मोठं नाही, ऑफिस हललं. पूर्वी इथे इंग्लंडात लेस्टरमध्येच होतं, घरापासून दहा मिनिटं. आता मिल्टन कीन्सला नेलंय, म्हणजे जायला 50 मैल, यायला 50 मैल. आपल्या हिशोबात एका बाजूने 80 किलोमीटर, जालना मागे टाकून अजून वीस किलोमीटर पुढे जा आणि संध्याकाळी परत या, असं आठवड्यातून चार दिवस. सगळा एम वन हायवे, जंक्शन 21 ला चढायचं आणि 14 ला उतरायचं. मधे कॅथॉर्पला एम सिक्स आणि ए फोर्टीन येऊन मिळतात, डॅव्हेंट्रीच्या बाजूला गोडाउनंच गोडाउनं असल्यामुळे ट्रकांची रांग, आणि मग वॉटफर्ड गॅप, जिथे चहा घ्यायला थांबतो. या हायवेचा पहिला टप्पा 1959 साली सुरू झाला तेव्हापासूनचा थांबा आहे तो, आणि चहाची चवही मला वाटतं तेव्हापासूनचीच आहे.

आता जुन्या गाडीचं ॲव्हरेज. तुम्ही ती घेतली तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला होता आणि मी विषय बदलला होता. तीन लिटरचं इंजिन, एका ओळीत सहा सिलिंडर, 258 हॉर्सपॉवर, त्याला ॲव्हरेज कोण विचारतं असं तेव्हा वाटायचं. इथला कारभारही असा गमतीचा आहे की रस्ता मैलात मोजतात, पेट्रोल लिटरवर विकतात आणि ॲव्हरेज मात्र गॅलनला किती मैल असं सांगतात, आणि तो गॅलनसुद्धा अमेरिकेचा नाही, यांचा स्वतःचा, साडेचार लिटरच्या जरा वरचा. त्यामुळे "28 देते" म्हटलं की कानाला बरं वाटतं. एके रात्री बसून तुमच्या भाषेत काढलं तर लिटरला दहासुद्धा पडेना. आठवड्याला 65 लिटर पेट्रोल, 88 पाउंड. मी तो आकडा बघत बसलो आणि मला तुमची ती लाल पुठ्ठ्याची वही आठवली, एम-80 च्या पेट्रोलचे पैसे लिहायची.

नवीन गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया आहे अण्णा. आपल्या शेंद्र्याची. म्हणजे ही इथली आहे, शेंद्र्यात बनलेली नाही, पण नाव तेच. 2001 मध्ये शेंद्र्याला प्लांट सुरू झाला होता तेव्हा तुम्ही मला जालना रोडवर उभं करून दाखवली होती, "बघ, डिझेल आहे पण आवाज बघ किती कमी." मला तेव्हा त्यात काय बघायचं ते कळलं नव्हतं. ही 2019 ची सेकंडहँड, 1.6 लिटर, 115 हॉर्सपॉवर, पाच गिअर, रंग कसला ते सांगण्यासारखा नाही, पावसाळी आभाळासारखा. हायवेला गॅलनला 62 देते, म्हणजे लिटरला बावीसला किंचित कमी. आठवड्याला 29-30 लिटर, 42 पाउंड. डिझेल इथे पेट्रोलपेक्षा महाग असूनही. हे तुम्हाला पटणार नाही पण खरं आहे, आपल्यासारखं नाही, इथे दोन्हींवर ड्युटी सारखीच, 2022 मध्ये लिटरला 52.95 पेन्स केली होती, वर व्हॅट, आणि डिझेल बरंचसं बाहेरून आणतात म्हणून पाच-सात पेन्स चढंच असतं. तरी वर्षाला एकवीसशे पाउंड वाचतात. आई, अडीच लाखाच्या आसपास. रोड टॅक्स वेगळा, जुनीचा चारशेच्या वर जायचा, हिचा दोनशेच्या आसपास.

ऑफिसात सगळे हसले. "आता कोण डिझेल घेतं?" खरं म्हणजे यांनीच घेतल्या होत्या. 2001 पासून इथे टॅक्स गाडीच्या धुरातल्या कार्बनवर लागायला लागला, डिझेल कमी पितं म्हणून कार्बन कमी, म्हणून सगळे तिकडे धावले, एक वेळ अशी होती की नव्या गाड्यांत निम्म्याच्या आसपास डिझेल. मग 2015 मध्ये फोक्सवॅगनचं ते प्रकरण निघालं, टेस्टच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, जगभरात एक कोटी दहा लाख गाड्या, आणि लोकांचं मन जे उडालं ते उडालंच. आता नव्या गाड्यांत दहातली एकही डिझेल नसते. मला स्वस्तात मिळाली ती त्यामुळेच असं मी धरून चाललोय.

चिनूने मागे विचारलं होतं की इलेक्ट्रिक का नाही. अरे, घर रस्त्याला चिकटून आहे, दारात गाडी लावायला जागा नाही, कधी कधी दोन गल्ल्या सोडून लावावी लागते, तिथे वायर कुठून ओढू? ज्यांच्या दारात चार्जर आहे त्यांना रात्रीचा दर सात-आठ पेन्स पडतो, हायवेवरच्या फास्ट चार्जरला तोच युनिट सत्तर-ऐंशी पेन्स. म्हणजे ज्याला स्वतःचं अंगण आहे त्यालाच स्वस्त, बाकीच्यांना डिझेलपेक्षा महाग. अंगण घेईन तेव्हा बघू.

बरं, अण्णा, आता तुमच्या कामाचं. तुम्ही चिकलठाण्याच्या वर्कशॉपला पस्तीस वर्षं इंजिनं उघडलीत पण हे डिझेल तुमचं डिझेल नाही. हिला डिझेलच्या टाकीशिवाय अजून एक टाकी आहे, निळ्या झाकणाची, आणि त्यात काय घालायचं माहितीये? युरिया! खोटं सांगत नाही. पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया, दहा लिटरचा कॅन मिळतो, तो सायलेन्सरच्या वाटेत फवारला जातो आणि धुरातला विषारी वायू मारतो. इथल्या धुराच्या नियमांत युरो 5 ला या वायूची किलोमीटरमागे 180 मिलिग्रॅमची मुभा होती ती युरो 6 ला 80 वर आणली, त्यासाठी हा सगळा खटाटोप. तात्यांना सांगा, तुम्ही कपाशीला दोन गोण्या मिळाव्या म्हणून सकाळपासून रांगेत असता आणि इकडे पुतण्या गाडीला पाजतोय. आणि युरिया संपला तर डिझेल भरलेलं असूनही गाडी सुरूच होत नाही, आधी मैल मोजून वॉर्निंग देते आणि मग बसते रुसून.

दुसरं म्हणजे सायलेन्सरमध्ये जाळी असते, काजळी अडकवायची. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून सहाशे डिग्रीला काजळीची राख करते, पण त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला पाहिजे. गावातल्या गावात दळण आणायला वापरली तर जाळी तुंबणार. हे मला घेताना माहीत होतं, कळलं मात्र नव्हतं. पहिल्याच शनिवारी भाजी घेऊन आलो, गाडी बंद केली, आणि बंद गाडीचा पंखा घूं घूं करून फिरतोय, खालून जळका वास, बॉनेटला हात लावला तर चटका. मला वाटलं गेली गाडी. तेव्हाच तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला होता, आठवतं ना, तुम्ही म्हणालात "सुरू कर आणि फोन बॉनेटजवळ धर", आणि तुम्ही तिकडे डोळे मिटून ऐकत होतात आणि शेजारची गोरी आजी मला फोन इंजिनाला दाखवताना बघून घरात निघून गेली. तुम्ही म्हणालात आयडलिंग चढं आहे, जवळपास हजार आरपीएमवर, बाकी इंजिनात काही नाही, "काहीतरी मधेच अडवलंय तू तिला." अगदी तेच होतं! जाळी साफ करत होती आणि मी मधेच चावी काढली. वीस मिनिटं हायवेला नेऊन आणली, शांत झाली. सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून, फोनवर. ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नाही.

आणि हो, तुम्ही लगेच म्हणालात "काढून टाक ना ती जाळी." नाही काढता येत अण्णा, इथे दरवर्षी पासिंग असतं, एमओटी म्हणतात, त्यात 2014 पासून जाळी जागेवर आहे का ते बघतात, नसली की नापास.

पंपावरची गंमत राहिली. इथे आपलं आपण भरायचं, हिरवा नॉझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. सात वर्षं हिरवा उचललाय त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात हात आपोआप हिरव्याकडे गेला. आत घालतोय तर जाईना. मी अजून जोर लावतोय, फिरवून बघतोय, गाडीला शिव्या देतोय (मराठीत), तर पलीकडच्या पंपावरचे एक सरदारजी म्हणाले, "पुत्तर, काला उठा." गाडीच्या तोंडाशी पट्टी असते, जाड डिझेलचा नॉझल असेल तरच उघडते, तिने वाचवलं. सगळ्या गाड्यांना ती नसते. ऑफिसातल्या एकाने तीस लिटर पेट्रोल भरलं, वर चालवत नेली. डिझेल नुसतं जळत नाही, पंपाला वंगणही तेच देतं, पेट्रोलने ते वंगण धुऊन निघालं, पंपाने लोखंडाचा कीस केला आणि तो थेट इंजेक्टरपर्यंत. गाडीच्या किमतीच्या निम्मं बिल आलं त्याला.

चालवायला कशी आहे म्हणाल तर खोटं बोलणार नाही, पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आलो होतो. जुनीचा ॲक्सिलरेटर दाबला की मागून कोणीतरी ढकलायचं आणि वर सहा हजार आरपीएमपर्यंत ती गात जायची, हायवेला चढताना ट्रक आरशात दिसेपर्यंत मी पुढे असायचो. ही चार हजारानंतर नुसती ओरडते. मिल्टन कीन्समध्ये तर शंभराच्या वर गोल चौक आहेत, दर अर्ध्या मैलाला एक, तिथे फट दिसली की घुसावं लागतं आणि दीड हजाराच्या खाली हिच्यात जीवच नसतो, एकदा चौकाच्या तोंडावर बंद पडली आणि मागच्या ट्रकवाल्याने असा हॉर्न दिला की हातातला थर्मास सांडला. मग तुमचं ते आठवलं, "डिझेलला पळवू नको, ओढू दे, आणि पाय क्लचवरून काढ." आता अठराशेला गिअर टाकतो, चढाला पाचव्यातच ओढते, खाली उतरायला लागत नाही. ट्रकांना इथे ताशी 56 मैलावर लॉक असतं, मी त्यांच्या थोडा पुढे 65 ने जातो, पूर्वीपेक्षा सहा-सात मिनिटं उशिरा पोचतो. सहा-सात मिनिटं. त्यासाठी आठवड्याला शेहेचाळीस पाउंड जाळत होतो.

जुनी गाडी नेणारा पोरगा तेवीस-चोवीसचा होता. इंजिन सुरू करून ऐकलं, हसला, पैसे दिले. ॲव्हरेज विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आई, एक तुझ्यासाठी. डिझेलच्या पंपाला इथे प्लास्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, मी ते घातले नव्हते. पेट्रोल हाताला लागलं तर उडून जातं, हे उडत नाही. दिवसभर मीटिंगमध्ये हाताला वास, साबणाने तीनदा धुतले तरी तसाच. मला इतकं ओळखीचं वाटत होतं आणि कळेना कशामुळे, आणि मग लंचला डबा उघडताना एकदम कळलं, अण्णा संध्याकाळी घरी येऊन पोळीचा पहिला तुकडा मला भरवायचे त्याचा वास. आणि मग हेही आठवलं की सातवीत असताना मी तुला म्हणालो होतो की अण्णांना गॅदरिंगला पाठवू नको, वास येतो. तू त्यांना ते सांगितलं होतंस का, हे मी कधी विचारलं नाही. ते तसेही आले नव्हते. फोनवर तुला फक्त एवढंच विचारलं की हात कशाने धुवायचे, आणि तू म्हणालीस आधी खोबरेल तेल चोळ, मग डाळीचं पीठ. गेला वास.

डिसेंबरात येतोय, तिकिटं काढली. अण्णा, तोवर एक सांगून ठेवा. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा यावर इथे प्रत्येक गॅरेजवाला वेगळं सांगतो, एक म्हणतो पाच वर्षांनी, दुसरा म्हणतो लाख मैलाच्या पुढे बघू, आणि दोघांचे दरही वेगळे. गाडी आत्ता 61 हजार मैलांवर आहे. जुन्या मालकाने बदलल्याची पावती नाही. चिनूला सांगून व्हॉइस मेसेज पाठवा, लांब असला तरी चालेल.

तुमचा,
बाळू