सरावात ‘फायर’ कोण म्हणणार?

मा. संपादक,

वेगवेगळ्या देशांच्या नौदलांच्या ‘मलबार’सारख्या संयुक्त सरावाची बातमी म्हणजे जहाजे किती, विमाने किती आणि एक फोटो. हवाई हल्ल्याच्या वेळी क्षेपणास्त्र सोडण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे कुठेच नसते. सरावाचा जीव मात्र त्यातच आहे.

रडारचा अँटेना पाण्यापासून 25 मीटरवर आणि क्षेपणास्त्र 5 मीटरवरून येणारे, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण 30 किलोमीटरवर प्रथम दिसते. सेकंदाला 300 मीटर वेग धरला तर हाती उरतात 100 सेकंद. एवढ्यात कोणाला विचारणार? म्हणून ताफ्याच्या हवाई संरक्षणाला एकच कमांडर असतो आणि तो ‘नको’ म्हणेपर्यंत प्रत्येक जहाजाने आपले काम करायचे, अशी पद्धत असते. दोन देश एकत्र आले की हे अवघड होते, कारण मारा करण्याचे नियम प्रत्येक देश स्वतःच्याच हाती ठेवतो.

रडारच्या पडद्यावरचा घोळ वेगळाच. दोन जहाजांच्या रडारमध्ये दिशेचा एक अंश फरक असला, तर 60 किलोमीटरवरचे विमान जवळपास किलोमीटरभर सरकते. एकाच विमानाचे दोन ठिपके होतात, दोन क्रमांक पडतात. त्यासाठी दोघांनाही दिसणारे एखादे ओळखीचे विमान धरून आधी चित्र जुळवून घ्यावे लागते. डेटालिंक, म्हणजे जहाजांच्या संगणकांना आपसांत जोडणारी यंत्रणा, जुळत नसेल तर हेच क्रमांक वायरलेसवर तोंडी सांगत बसायचे, म्हणजे 100 सेकंदांतले निम्मे तिथेच गेले!

ऑक्टोबर 1992 मध्ये एजियन समुद्रातील नाटो सरावात अमेरिकेच्या ‘साराटोगा’ या विमानवाहू जहाजावरून दोन सी स्पॅरो क्षेपणास्त्रे सुटली आणि तुर्की विनाशिका ‘मुआवेनेत’वर आदळली. कप्तानासह पाच जण ठार झाले. ‘साराटोगा’वर रात्री झोपेतून उठवलेल्या चमूला हा लुटुपुटुचा हल्ला आहे हे नीट सांगितलेच नव्हते. ‘आर्म अँड ट्यून’ हा हुकूम त्यांनी खऱ्या माऱ्याची तयारी म्हणून घेतला. 1996 मध्ये जपानी विनाशिका ‘युगिरी’ने सरावाचे लक्ष्य ओढणारे अमेरिकी विमानच पाडले, ते तोफेच्या टप्प्याबाहेर जाण्याआधी गोळीबाराचा आदेश सुटला होता. वैमानिक सुदैवाने वाचले.

हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. 2019 मध्ये काश्मीरमध्ये बडगामला आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले, हे येथील वाचक विसरलेला नाही. पुढच्या सरावाच्या वेळी आपल्या वार्ताहराने प्रवक्त्यांना एवढे तरी विचारावे : हवाई संरक्षणाचा कमांडर कोणत्या देशाचा होता, चित्र डेटालिंकवर होते की तोंडी, आणि खऱ्या क्षेपणास्त्रांच्या फायरिंगच्या किल्ल्या कोणाकडे होत्या?

– एक वाचक, सोमलवाडा, नागपूर