नाचणीतील कॅल्शियम आणि चाळून टाकलेला कोंडा

महोदय,

२०२३च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून नाचणीला पुन्हा मान मिळाला, याचा आनंद आहे; मात्र १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, एवढे सांगून बहुतेक आरोग्यलेख थांबतात. त्यातले आतड्यातून शरीरात किती शोषले जाते, हा प्रश्न तसाच राहतो. नाचणीतील फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते आणि शोषण घटवते. आपल्याकडे बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात व सावलीत वाळवून दळतात. मोड येताना धान्यातील एक विकर (एन्झाइम) या आम्लाला बऱ्याच अंशी फोडते, म्हणून ही खटपट वाया जात नाही.

पुढे पीठ वस्त्रगाळ केले जाते, तिथे मात्र थोडे थांबावे. कॅल्शियम आणि तंतू यांचा मोठा वाटा दाण्याच्या सालीतच असतो. बाळाच्या नाजूक पोटासाठी गाळणे योग्यच, पण हाडांची झीज आणि बद्धकोष्ठता या दोन्ही तक्रारी असलेल्या आजी-आजोबांनी तेच सत्त्व पौष्टिक म्हणून घ्यावे आणि कोंडा गुरांपुढे जावा, हे उलटेच झाले. त्यांना मोड आणलेल्या नाचणीच्या न चाळलेल्या पिठाची भाकरी किंवा आंबील अधिक उपयोगी पडेल, अर्थात भरपूर पाण्यासह.

पचन आणि हाडे यांचा संबंध याहून जवळचा आहे. काही वनस्पतिज तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे कॅल्शियम विरघळलेले राहते आणि शोषणास मदत होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वयात येणाऱ्या मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिन-प्रकारचे तंतू दिल्यावर कॅल्शियमचे शोषण आणि हाडांतील खनिजे वाढलेली आढळली. असे तंतू कांदा-लसणातही असतात, परंतु भाकरीसोबत कांदा फोडून खाल्ल्याने तेवढाच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

प्रौढांना दिवसाला १००० आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. ७० ग्रॅम नाचणीच्या पिठातून सुमारे २४५ मिलिग्रॅमच मिळते, म्हणजे दूध-दही, डाळी आणि 'ड' जीवनसत्त्वासाठी ऊन यांना सुट्टी नाही. नाचणीच्या बिस्किटांबद्दल तर न बोललेलेच बरे. घटकांच्या यादीत मैदा पहिला असेल, तर त्यात सर्वाधिक वजन मैद्याचेच असते. यापुढे आपल्या पुरवणीत नाचणीची पाककृती देताना पीठ मोड आणलेले की साधे, चाळलेले की न चाळलेले, एवढे अवश्य छापावे, ही विनंती.

— एक वाचक, चिपळूण